ओल्या गंजीचं गणित

वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती फुंकायची नाही, असा राऊत मॅडमचा आमच्या स्टाफरूमला हुकूमच होता. वाढदिवस कुणाचाही असो, त्या टेबलाशी वाकायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि ज्योतीकडे बघत बसायच्या. आम्ही बाकीचे हातात कागदी बशा घेऊन ताटकळत उभे. "थांबा हो जरा. बुडाशी निळी आहे बघा, खरं काम तिथे चाललंय. वरचा पिवळा नुसता दिखावा." तोवर मेण केकवर ओघळायचं, आणि इतिहासाचे डिसोझा सर हळूच माझ्या कानाशी म्हणायचे, "शिंदे मॅडम, आज पण मेण खायचंय." विरारच्या त्या कॉलेजात मी किती केक खाल्ले ते आठवत नाही, पण मेणाची चव अजून आठवते.

कुमुद राऊत. गणित विभाग. मी मराठीची. गणिताशी माझं शाळेपासूनच वाकडं, त्यामुळे रुजू झाले तेव्हा मी त्यांच्यापासून चार हात लांबच होते. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन आचोळ्यात फ्लॅटमध्ये आलेली. त्या जवळच्याच वटार गावच्या, जन्मापासून तिथल्याच वाडीत, केळी आणि सोनचाफ्यात वाढलेल्या. लग्न केलं नव्हतं. रोज स्कूटरवरून यायच्या, केसात एक चाफ्याचं फूल असायचं आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. फूल माझ्यासाठीही आणायच्या, पण देताना प्रेमाचं काही बोलतील तर शपथ. टेबलावर ठेवायचं आणि निघून जायचं. मुलं त्यांना पाठीमागे 'आगमॅडम' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की आवडतही होतं.

त्यांचं एक वाक्य होतं. 'गृहीत काय धरलंय?' फळ्यावर गणित मांडणाऱ्या मुलाला तर हा प्रश्न होताच, पण भाजीवालीला, रिक्षावाल्याला, खुद्द प्रिन्सिपॉलनासुद्धा होता. कॅन्टीनच्या अण्णांची शेगडी एकदा पिवळी जळायला लागली, भांडी काळी पडायला लागली. अण्णा म्हणाले, सिलिंडरच खराब आलाय. मॅडम चहा सोडून आत गेल्या. "गृहीत काय धरलंय अण्णा? गॅस वाईट, एवढंच ना? हवेचा विचार केलात?" आणि स्वतः पदर आवरून त्यांनी बर्नर उघडला. डोशाच्या पिठाने भोकं बुजलेली. टाचणीने एकेक मोकळं केलं, शेगडी पेटवली, आणि निळी ज्योत भक्कन उभी राहिल्यावर त्या बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी नातवंडं झालेल्या बायकांच्याच तोंडावर पाहिलाय. अण्णांनी त्या दिवशी आम्हा दोघींना चहा फुकट पाजला. आमची मैत्री झाली ती तिथे, त्या तेलकट ओट्याशी.

त्यांचं संशोधन म्हणजे ज्वलनाचं गणित. आग कशी लागते, ज्योत किती वेगाने पुढे सरकते, कधी विझते, हे सगळं समीकरणांत मांडायचं. मला आधी वाटायचं, आगीला कसलं आलंय गणित? काडी ओढली की पेटतं. हे मी बोलून दाखवलं त्या दिवशी कॉलेजात सरस्वतीपूजन होतं, समई लावलेली होती. मॅडमनी मला तिच्यासमोर बसवलं.

"शिंदेबाई, हे माझं दुसरं घराणं समजा. यातले पणजोबा फ्रान्सचे. ते म्हणाले, ज्योतीला दोन खोल्या आहेत. पहिल्या खोलीत वायू तापतो, दुसऱ्या खोलीत जळतो, आणि मधला उंबरठा म्हणजे पेटायचं तापमान. छान होतं, सोपं होतं. पण तो उंबरठा नक्की कुठे, हे त्यांना अंदाजानेच ठरवावं लागायचं. मग आजोबा आले, रशियातले. ते म्हणाले, अहो, उंबरठा असा नसतोच. थोडं तापलं की जळण्याचा वेग दुप्पट होतो, अजून थोडं तापलं की कितीतरी पट. त्या वाढीतूनच ज्योतीचा वेग काढा. त्यांनी काढला, कागदावर, आणि तो प्रयोगाशी जुळला! पुढची पिढी म्हणाली, ज्योत सपाट कुठे असते? तिला सुरकुत्या पडतात, ती डुलते, वादळात फाटते, त्याचं काय? आणि आता आमच्या वेळची मंडळी आहेत, त्यांनी शेकडो रासायनिक क्रिया एकदम कॉम्प्युटरात घातल्यात. तो बिचारा आठवडाभर घुरघुरत बसतो."

"आणि तुम्ही कुठे बसता या घराण्यात?" मी विचारलं.

"मी?" त्यांनी समईची वात थोडी पुढे सारली. "मी मागच्या दारी, गवताच्या गंजीपाशी."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांचा सगळा जन्म खरोखरच त्या गंजीपाशी गेला होता. का गेला, ते मला वटारला त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं.

त्यांची वाडी आणि त्यांच्या काकांची वाडी एकमेकींना लागून. मध्ये निवडुंग आणि काटेरी तारेचं कुंपण, इतकं दाट की पलीकडचा माणूस दिसू नये. विहीर एकच, कुंपणाच्या रेषेवर; सकाळी यांचं पाणी, संध्याकाळी त्यांचं. मी सहज विचारलं, "पलीकडे कोण राहतं?" तर ओटीवर बसलेले मॅडमचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, उठून आत निघून गेले. घरात ते लोक त्यांच्या बोलीत बोलतात, ती मला पहिल्यांदा धड कळायची नाही. पण उठून जाणं कळलं.

मॅडमनी मग केळीच्या बागेत नेऊन सांगितलं. त्या शाळकरी होत्या तेव्हाची गोष्ट. शालूआत्याचं, म्हणजे नानांच्या धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलेलं. मांडव अंगणात पडणार. पण अंगणभर तर कापलेलं गवत वाळत घातलेलं, म्हशींसाठी वर्षभराचं. त्यात परतीचा पाऊस आला. एरवी नाना गवत पुरतं वाळलं की त्याच्या चार लहान गंज्या रचायचे. त्या वर्षी अंगण मोकळं करायची घाई, म्हणून सगळं गवत, अर्धं ओलं, एकाच ठिकाणी रचलं. गंजी अशी झाली की माडाच्या खालच्या झावळीला टेकली. गावात अशी गंजी कुणाची नव्हती. नाना येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "बघा, राऊतांची गंजी!"

ती उभी होती काकांच्या बाजूला. एके संध्याकाळी वामनकाका आले, पाहुणे बसलेले असताना, आणि मोठ्याने म्हणाले, "दादा, ही गंजी मोड, नायतर एक दिवस पेटंल बघ!" दोघांचं आधीच बांधावरून थोडं वाजलेलं होतं. त्यातून चारचौघांत असं बोलणं. शब्दाला शब्द लागला. आणि दुसऱ्याच दिवशी, हळदीच्या सकाळी, गंजी भडकली. मांडवाची एक बाजू गेली, म्हशीचा गोठा गेला. माणसं वाचली, नशीब. नाना मांडवात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "वामन्यानं लावली. काल तोंडानं सांगून गेला होता." वामनकाका बायकोपोरं घेऊन जेवणावरून उठले. आत्या काकांच्या पाया न पडता सासरी गेली. महिन्याभरात कुंपण उभं राहिलं.

"काका मला गणित शिकवायचे," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी खांद्यावर बसवून बागेत फिरवायचे आणि मध्येच विचारायचे, 'कुमुद, घड किती?' मी नुसत्या नजरेने केळीचे घड मोजून सांगायचे. त्यांचं वाक्य संपायच्या आत. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही."

एवढं बोलून त्यांनी एक वाळकं पान ओढून काढलं, आणि आम्ही चहाला आत गेलो. मला मात्र त्या दिवशी रात्रभर कसंतरीच होत राहिलं. आपल्या लाडक्या काकाने घर पेटवलं की नाही, हे माहीत नसताना वाढायचं म्हणजे काय! मॅडमना ते शोधून काढायचं होतं, आणि शोधायला त्यांच्या हातात होतं फक्त गणित.

गणित मला त्यांनी डब्यातल्या भातावर समजावलं. ओल्या गवतात आपोआप ऊब तयार होते. ती तयार होते गंजीच्या सगळ्या पोटात, पण बाहेर पडते फक्त कातडीतून. गंजी लहान असेल तर कातडी पुरते, आतबाहेर कुठेतरी मेळ बसतो. गंजी वाढवत गेलं की पोट कातडीपेक्षा फार वेगाने वाढतं. एका आकाराच्या पलीकडे तो मेळ बसूच शकत नाही.

"तेव्हा समीकरणाला उत्तरच उरत नाही, शिंदेबाई. मी सोडवते, पण तिथे उत्तर नाही. आणि उत्तर नाही याचा अर्थ, आग."

मॅडम भात कालवत पुढे सांगत होत्या. जुन्या मंडळींनी हे सगळं मांडलेलं होतंच. पहिल्यांनी धरलं होतं की ढीग सगळीकडे सारखाच तापतो. पुढच्यांनी दुरुस्ती केली, मधोमध जास्त, कडेला कमी. पण सगळ्यांनी ढीग कोरडा धरलेला. "गृहीत काय धरलंय? पाणी नाही! आणि आमच्या वसईत पाणी नाही असं गवत दाखवा मला." मॅडमनी समीकरणात पाणी घातलं. ओल आधी ऊब वाढवते, मग वाफ होऊन तीच ऊब बाहेर नेते, म्हणजे काही दिवस गंजीला सांभाळूनही धरते. पण मधलं पाणी संपलं की सांभाळणारं कुणी उरत नाही.

हा त्यांचा शोधनिबंध कित्येक वर्षं मासिकांकडून परत येत राहिला. परीक्षक लिहायचे, पाणी वगळा, मांडणी सोपी होईल. मॅडम संतापायच्या. "पाणी वगळून माझ्या गंजीत राहिलं काय? बोडकं!" मी म्हणायचे, वगळा की हो एकदाचं, छापून तर येईल. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी त्यांना कवितेतून अर्थ काढून टाकायला सांगितलाय. शेवटी तो छापून आला, पाण्यासकट. बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे नाही, घरची सुकेळी वाटली. वाळवलेल्या केळ्यांचा तो चिकट, गोड खाऊ खाताना डिसोझा सर मोठ्याने म्हणाले, "आपल्या वसईच्या गवताने जगाला शिकवलं!" आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कुठल्याशा दूरच्या देशात उसाच्या चिपाडांचे ढीग रचताना लोक मॅडमची रीत वापरायला लागले. त्यांनी पाठवलेल्या निबंधाच्या पहिल्या पानावर 'राऊत' हे नाव बघून माझी छाती फुगली. माझा त्यात काडीचा वाटा नव्हता. तरी फुगली.

पण हे सगळं नानांना पटवायचं होतं, आणि ते कुठल्याच मासिकात छापून होणारं नव्हतं. मॅडमनी कित्येकदा कागद पुढे ठेवला. नानांचं उत्तर ठरलेलं. "मी जलमभर गंज्या रचल्या. एक तरी आपनहून पेटली? आग कुनीतरी लावतं." मॅडम म्हणायच्या, बाकीच्या लहान होत्या, नाना. नाना ओटीवरून उठून जायचे. मला हळूहळू कळत गेलं ते इतकंच, की काका सुटले तर दोष कुणाकडे जाईल हे नानांना आपल्या मुलीइतकंच चांगलं समजत होतं. गावात मिरवलेली ती गंजी त्यांचीच होती.

मॅडमच्या निवृत्तीच्या वर्षी उन्हाळ्यात नाना फार आजारी पडले. ऐंशी कधीच ओलांडलेली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मुलीला बोलावून सांगितलं, "मी गेलो तर वामनचा खांदा लागता कामा नये. शब्द दे." मॅडमनी शब्द दिला नाही. त्या कॉलेजात आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "शिंदेबाई, मी गंजी रचणार आहे. तशीच. तेवढीच."

"वेड लागलंय का तुम्हाला!" मी ओरडलेच.

"दोन रचणार," त्या शांतपणे म्हणाल्या.

आणि रचल्या. परतीच्या पावसानंतर, वाडीमागच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, घरांपासून दूर मोकळ्यावर. गवत एकाच शेतातलं, ओल एकसारखी. एक गंजी नाना दरवर्षी रचायचे तेवढी. दुसरी लग्नाच्या वर्षाची. तिची उंची कुणाला नक्की आठवत नव्हती, म्हणून मॅडमनी तो माड गाठला. माड वाढला होता, पण जुन्या झावळ्यांचे वण खोडावर असतात. शालूआत्याला आणून तिच्याकडून बोट लावून घेतलं. रचायला गडी होते, पण खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते नाना. मला आधी नवल वाटलं. मग त्यांचाच आवाज ऐकला. "नीट रचा रे! उद्या पेटली नाय तर म्हनंल, रचायलाच चुकली." मुलीची खोड मोडायला बाप उत्साहाने कामाला लागला होता.

मॅडमनी गंजीच्या पोटात लांब लोखंडी सळ्या खुपसून ठेवल्या आणि भौतिकशास्त्रवाल्यांकडून तापमापकाच्या तारा मागून आणल्या. अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने विचारलं, "मॅडम, बंब कधी पाठवू?" मॅडमनी हिशेब करून सांगितलं, देवदिवाळीच्या आसपास. तो म्हणाला, "आग लागायच्या आधी तारीख सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच!" पण बंब ठेवला तयार.

लहान गंजी थोडी कोमट झाली आणि निवत गेली. मोठीवर सकाळी सकाळी वाफ दिसायची, शेंड्यावर, थंडीत माणसाच्या तोंडातून निघते तशी. गावातले लोक बघून जायचे, हसायचे. नाना रोज यायचे, गंजीकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय नाय होत." कुंपणापलीकडे वामनकाकांच्याही कानावर जात असणार. पण ते इकडे आले नाहीत.

आणि एका सकाळी मॅडमचा फोन. "शिंदेबाई, वाफ थांबली. लगेच या." मी तास सोडून रिक्षाने वटार गाठलं. मॅडम खाजणात उभ्या होत्या, केस विस्कटलेले, त्या दिवशी फूल नव्हतं. मला वाटलं आनंदात असतील, तर बाई चिडलेल्या! "आठवडाभर आधी होतंय हो. माझं कुठेतरी चुकलंय. वाऱ्याचा अंदाज कमी धरला बहुतेक." बंब आलेला होता, जवान पाइप उलगडत होते, आणि ह्या वाऱ्याचं गणित करत होत्या.

नाना खुर्चीवर बसले होते. वारा फिरला तसा एक वास आला. गोडसर, थोडा करपल्यासारखा. नानांनी नाक वर केलं.

"गूळ कोन आटवतं?"

ते मुलीकडे वळले.

"कुमुद, गूळ कोन आटवतं गो?"

"कोनी नाय, नाना," मॅडम हळू म्हणाल्या. "गंजीतनं येतोय."

नाना उठले. काठी टेकत गंजीजवळ गेले. मॅडमनी हाताला फडकं गुंडाळून एक सळई बाहेर ओढली आणि त्यांच्यापुढे धरली. नानांनी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग ते तसेच उभे राहिले. मी जवळच होते.

"त्या दिशीबी वास येत होता," ते म्हणाले. "आदल्या सांजंपासून. मला वाटलं, शालूच्या लग्नाचा गूळ. आचारी आलेला ना... मी म्हटलं, गूळच असनार." त्यांनी कुंपणाकडे बघितलं. "वामनला तो वास आलेला. म्हनून आला होता. आन मी धरून चाललो, की भांडायला आला."

आयुष्यभर जगाला विचारलेला प्रश्न मॅडमनी त्या दिवशी बापाला विचारला नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

नाना वळले आणि काठी टेकत कुंपणाकडे निघाले. कुणी धरायला गेलं तर हात झटकला. निवडुंगाशी उभं राहून त्यांनी हाक मारली, "वामन! ए वामन!" पहिल्या हाकेला आवाज फाटला. दुसरी हाक मात्र खणखणीत होती. पलीकडचे लोक बाहेर आले. वामनकाकांना दिसायला कमी झालेलं, नातसुनेने हात धरून आणलं, विहिरीकडच्या वाटेने, कारण कुंपणाला दारच नव्हतं.

"काय रे दादा?"

"तू मोड म्हनालेलास," नाना म्हणाले. "मी मोडली नाय. चल, आता दोघं मिळून मोडू."

काकांनी वास घेतला. "हाच," एवढंच म्हणाले. मग नानांकडे वळून, "मी तुला सांगाय आलेलो रे, दादा. तू आयकूनच घेतलं नाय."

"नाय घेतलं," नाना म्हणाले. "चुकलं माझं."

ऐंशीपारच्या त्या माणसाने गावासमोर हे म्हटलं. मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला, पण त्याहून मोठं वाक्य मला कुठल्या पुस्तकात भेटलं असं वाटत नाही.

जवानांनी गंजी फोडली. आतून गवत तंबाखूसारखं तपकिरी, त्याच्याही आत काळंठिक्कर, आणि अगदी पोटात लाल निखारा. हवा लागताच तो भपकन पेटला. माणसं ओरडली, मागे सरली. पाण्याचा फवारा सुटला. मॅडम एक पाऊलही मागे सरल्या नाहीत. कागदावर इतकी वर्षं पेटवलेली ती आग त्या पहिल्यांदा समोर बघत होत्या. बघताना मान अशी ताठ होती, की मला वाटलं जावं आणि मिठी मारावी. मारलीसुद्धा. राखेने माझी साडी गेली, जाऊ दे.

काका चाचपडत जवळ आले. त्यांनी मॅडमच्या खांद्यावर हात ठेवला, मग डोक्यावर. पन्नासेक वर्षांत त्यांचा हात तिथे पडला नव्हता.

"कुमुद," ते म्हणाले, "घड किती?"

मॅडमनी बागेकडे मान वळवली. तोंड उघडलं. आणि कधी न अडणारी ती बाई, आकडा न सांगता, ओंजळीत तोंड लपवून लहान पोरीसारखी रडायला लागली.

माझ्या निवृत्तीनंतर आम्ही आचोळ्याचा फ्लॅट विकून साताऱ्याकडे परत आलो. निघायच्या आधी मी वटारला निरोप घ्यायला गेले, पुढच्याच वर्षीच्या गवताच्या दिवसांत. निवडुंग काढून टाकला होता, तार गुंडाळून विहिरीपाशी ठेवली होती. दोन्ही वाड्यांच्या मधोमध लहान लहान गंज्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात दोन म्हातारे खुर्च्यांवर बसून कडाकडा भांडत होते. नाना म्हणत होते, यंदा थोड्या मोठ्या चालल्या असत्या. काका म्हणत होते, तुझी हौस अजून गेली नाय.

मॅडम एका गंजीशी वाकल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, केसात चाफा. सळई ओढून त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला, डोळे मिटून क्षणभर तसाच ठेवला. "थंड आहे," मला म्हणाल्या, जणू मी तेच विचारायला साताऱ्याची वाट सोडून आले होते.

तेवढ्यात काकांनी भांडण मध्येच थांबवून खुर्चीवरून हाक दिली, "कुमुद, घड—"

"बावीस, काका!"

मी बागेकडे पाहिलं. केळी दूरवर पसरलेल्या, पानांत पानं. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. बावीसच असणार.